शेणावरच्या छत्रीचा बुवा

माझे भाऊजी बुवा झाले ते पोळ्यानंतरच्या एका रविवारी, दुपारच्या जेवणावर. त्याआधी ते नागपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि त्यानंतरही शिकवतच राहिले. नोकरी सोडण्याइतका साक्षात्कार त्यांना कधीच झाला नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. पारशिवनीजवळच्या एका खेड्यातले. त्या गावातून एम.एस्सी. झालेला पहिला माणूस. अभिमान वाटावा असंच ते होतं आणि तो आम्हा सगळ्यांना होता. पण भाऊजींनी तो इतका वाढवला की दुसऱ्या कोणाला काही कळतं हे मान्य करायला त्यांच्याकडे जागाच उरली नाही. कुकरच्या शिट्ट्या किती असाव्यात, टॉन्सिल काढावेत का, पावसाळा लांबणार की नाही, या सगळ्यावर शेवटचा शब्द त्यांचा. मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, "ते विज्ञान नाही. ते नुसतं नावं पाठ करणं आहे."

नागपूरला नोकरी लागल्यावर त्यांनी बोलणंही बदललं. घरात, चहा मागतानासुद्धा, व्याख्यानाला उभे असल्यासारखे बोलायचे. ताई त्यांना नागपुरीतच उत्तर द्यायची. ती म्हणायची, "मले समजते तुमचं. तुमाले माहं समजते ना? बस."

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ताई आणि भाऊजी रामदासपेठेत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे. पुढच्या भागात घरमालक आणि त्यांची बायको. घरमालक निवृत्त वकील होते. खोल्या देण्याआधी त्यांनी भाऊजींना आडनाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं, मग छप्पन्न साली तुमच्या घरच्यांनी दीक्षा घेतली का असं अगदी गोड आवाजात विचारलं. प्राध्यापक भाडेकरू म्हणून मिरवायला बरा, म्हणून खोल्या दिल्या. पण अंगणात चांगला नळ असताना मागच्या बाजूला दुसरा बसवून घेतला आणि म्हणाले, "तुम्हाला तेवढंच जवळ पडेल." भाऊजींनी त्यांचे आभार मानले होते. ताईनं मानले नव्हते.

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते आणि इंदोऱ्यात आई-बाबांजवळ राहायची. रविवारी सायकल घेऊन ताईकडे जायची. त्या रविवारी पोचले तर ओट्यावर एक टोपली आणि टोपलीत अळंबी. भाऊजी पोळ्याला गावी गेले होते, तिथून घेऊन आले होते. आमच्याकडे वारुळाजवळ पांढऱ्या अळंबी उगवतात, त्यांना सात्या म्हणतात. सात्यांची भाजी मटणाच्या तोंडात मारेल अशी होते. टोपलीतल्या मात्र सात्या नव्हत्या. पिवळट तपकिरी टोप्या, बारीक देठ आणि हाताळून जिथे चुरगळल्या होत्या तिथे निळसर डाग, जणू शाई सांडली होती.

ताई म्हणाली, "ह्या सात्या नाहीत वं. कुत्र्याच्या छत्र्या आहेत. मी सांगून राहिली तर ऐकत नाहीत."

"कुठे उगवल्या होत्या भाऊजी?"

"गोठ्यामागे," भाऊजी म्हणाले. "जुन्या शेणावर. त्यात काय झालं? भाजीपालाही शेणखतावरच येतो."

मग त्यांनी परीक्षा केली. ताईच्या पैंजणातला चांदीचा तुकडा आणि लसणाची पाकळी त्या अळंबीबरोबर उकळत्या पाण्यात टाकली. चांदी काळी पडली तर विष, पांढरी राहिली तर खुशाल खा, असा त्यांचा सिद्धान्त. चांदी पांढरी राहिली. मी म्हटलं की ही परीक्षा खोटी आहे, जिवावर बेतणाऱ्या अळंबीतही चांदी काळी पडत नाही, पहिल्या वर्षाच्या पुस्तकातसुद्धा हे दिलेलं आहे.

"पुस्तक लिहिणाऱ्यानं स्वतः शिजवून पाहिलं होतं का?" भाऊजींनी विचारलं. ज्या माणसाचं आख्खं आयुष्य पुस्तकांवर चाललं होतं तो हे विचारत होता.

भाजी झाली. फोडणीचा वास पुढच्या घरात गेला आणि घरमालक मागच्या दारातून आले. त्यांच्या घरी कांदाही जपून खात. बायको फार कडक. त्यामुळे ते असे मागच्या दारानं कधीमधी यायचे. आमच्या घरचं अन्न त्यांना चालायचं. भांडं चालत नसे. ताट-वाटी आपल्या घरून धोतराच्या सोग्याखाली झाकून आणायचे. त्या दिवशीही आणली. ताईनं आणि मी वरण-भात खाल्ला. भाजी त्या दोघांनी संपवली आणि घरमालकांनी वाटी बोटानं पुसून घेतली.

जेवणं होऊन थोडा वेळ झाला असेल. भाऊजी खुर्चीवर बसून चुन्याच्या भिंतीकडे बघत होते. एकाएकी ते हसायला लागले. सुरुवातीला तोंडातल्या तोंडात, मग मोठ्यानं, मग पोट धरून. ताई म्हणाली, "का झालं?"

"भिंत," भाऊजी म्हणाले. "भिंत श्वास घेऊन राहिली ना वं! मले दिसून राहिली!"

इतक्या वर्षांची व्याख्यानाची मराठी एका वाटीत धुऊन निघाली. मी हसले. ताई हसली नाही. तिनं आधी चूल विझवली आणि मग दोघांच्या हातापाशी असलेला विळा आणि अडकित्ता उचलून आत ठेवला.

घरमालक तोवर जमिनीवर बसले होते आणि रडत होते. आई, आई म्हणत होते. त्यांची आई ते लहान असताना गेली होती, तिच्या लुगड्याचा काठ आपल्याला दिसतोय, हिरवा आहे, असं ते सांगत होते. भाऊजी उठले, अंगणात गेले आणि पपईच्या झाडाला मिठी मारून उभे राहिले. "सगळं एकच आहे," असं काहीतरी म्हणत होते. घरमालक रांगत रांगत त्यांच्यामागे गेले आणि त्यांनी भाऊजींच्या पायांवर डोकं ठेवलं. आपल्या घरून आणलेल्या वाटीत जेवलेला माणूस, वेगळा नळ बसवणारा माणूस, भर अंगणात, भर दुपारी. मला ते पाहून आनंद व्हायला हवा होता. पण शुद्ध हरपलेल्या माणसाच्या नमस्काराला काही किंमत असते असं मला तेव्हाही वाटलं नाही.

संध्याकाळपर्यंत दोघंही ताळ्यावर आले. डोकं दुखतंय म्हणून झोपले. मला वाटलं, उद्या दोघं एकमेकांना तोंड दाखवणार नाहीत. घडलं उलटंच. सकाळी भाऊजी आंघोळ करून पांढरे कपडे घालून पुढच्या अंगणात गेले आणि घरमालकांना म्हणाले, "काल आपल्याला अनुभव आला." घरमालक म्हणाले, "आपल्याला नाही, गुरुजी. तुमच्यामुळे मला आला." झाला बुवा तयार.

मी टोपलीत उरलेल्या चार-दोन अळंबी कागदात गुंडाळून आमच्या विभागात नेल्या होत्या. तिथे ती ओळख पटवायला मला बरंच झगडावं लागलं. टोपी कागदावर पालथी घालून बीजाणूंचा ठसा घेतला, तो गडद पडला. काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पुस्तकातल्या वर्णनांशी एकेक लक्षण ताडून पाहिलं, कुठे जुळलं, कुठे नाही. शेवटी आमच्या सरांकडे गेले. सर कमी बोलणारे. त्यांनी निळे डाग पाहिले, काप पाहिले आणि म्हणाले, "शेणावर येणारी आहे. नशा आणते. जगात पुष्कळ ठिकाणी येते, आपल्याकडेही येते. तुझं बरोबर आहे, पण त्या भरवशावर कोणाचा जीव धोक्यात घालू नकोस. अशा तपकिरी अळंबी ढिगानं आहेत. काहींनी नशा येते, काहींनी यकृत जातं आणि वरून सगळ्या सख्ख्या बहिणी दिसतात." तिचं नाव मी इथे लिहीत नाही. उगाच आणखी कोणी बुवा व्हायचा.

मी ताईकडे जाऊन भाऊजींना सगळं सांगितलं. साक्षात्कार वगैरे काही नाही, हा अळंबीतल्या एका द्रव्याचा परिणाम आहे. गांजा असतो, धोतरा असतो, तसंच हे. मला वाटलं, विज्ञानाचा माणूस आहे, कबूल करेल. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वीज तारेतून येते," ते म्हणाले. "म्हणून तार म्हणजेच वीज का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू तार ओळखलीस. छान केलंस. वीज ओळखणं तुझ्या विषयात बसत नाही. आणि हे बाहेर बोलू नकोस. लोकांना पचणार नाही."

लोकांना काय पचतं ते पुढे दिसलंच.

दर रविवारी घरमालकांच्या दिवाणखान्यात बैठक भरू लागली. आधी घरमालकांचे दोन-तीन स्नेही, मग त्यांचे स्नेही. एका बँकेचे मॅनेजर यायचे, धंतोलीतल्या एका डॉक्टरांची बायको यायची, कोर्टातले कोणी, कॉलेजातले कोणी. सगळी शिकलेली, इस्त्रीचे कपडे घालणारी माणसं. भाऊजी मधे बसून अणू, ऊर्जा आणि आत्मा यांची खिचडी करून वाढायचे. मग प्रसाद म्हणून गुळाची एकेक गोळी. गुळात काय आहे हे कोणी विचारायचं नाही, हा तिथला पहिला नियम. प्रसादानंतर बँक मॅनेजर गालिच्याच्या नक्षीवर बोट फिरवत बसायचे आणि त्यात त्यांना ब्रह्मांड दिसायचं. डॉक्टरांच्या बायकोला स्वतःचे हात इतके सुंदर दिसायचे की ती त्यांची माफी मागायची. घरमालक रडायचे. घरमालकांच्या बायकोला आत स्वयंपाकघरात ठेवलेलं असायचं, चहाला. तिनं एकदा गोळी मागितली तर घरमालक म्हणाले, "बायकांना झेपत नाही." डॉक्टरांची बायको शेजारीच बसलेली होती, पण ती डॉक्टरांची बायको होती.

अळंबी आणायचं काम मात्र ताईकडे. पावसाळ्यात ती एस.टी.नं पारशिवनीला जायची, सासरच्या गोठ्यामागे वाकून त्या छत्र्या वेचायची, घरी आणून वाळवायची. मी तिला विचारलं, "ताई, तू काहून करतेस हे?"

ती म्हणाली, "मी नाही गेली तर ते स्वतः जातील आणि काहीही उचलून आणतील. त्यायचं डोकं भिंतीवरच थांबलं आहे. निदान मी आणते ती एकच जात आणते."

बाबांना हे कळलं दुसऱ्या वर्षी. बाबा कापडगिरणीत होते. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते आणि त्याच दिवशी दारूही सोडली होती. आमच्याकडे भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती. तिच्यापुढेही बाबा नवस बोलू देत नसत. ते गिरणीच्या कपड्यांतच रामदासपेठेत आले. रविवार होता, बैठक भरली होती. मी सोबत होते. दारात घरमालक उभे होते. म्हणाले, "पादत्राणं बाहेर काढा."

"मी माह्या पोरीच्या घरी आलो," बाबा म्हणाले. "देवळात नाही आलो."

ते चपलांसकट आत गेले. भाऊजी उठून उभे राहिले, तेवढी लाज शिल्लक होती. बाबा जावयाला कधी अरे-तुरे करत नसत. रागातही केलं नाही.

"जवाई, आमी घरातले देव सोडले. तुमी गोठ्यातून नवा उचलून आणला?"

"बाबा, तुम्हाला हे कळणार नाही."

"शेणावरची छत्री आहे ते मले कळते. माही पोरगी वेचते तेही कळते. आनखी का कळायचं राहिलं?"

शेणावरची छत्री हे शब्द सगळ्यांनी ऐकले आणि कोणीही ऐकल्यासारखं दाखवलं नाही. डॉक्टरांच्या बायकोनं पदर सारखा केला. भाऊजी बाबांना हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन आले. तिथे त्यांनी दार लोटलं आणि पहिल्यांदाच, अळंबी न खाता, आपल्या भाषेत बोलले.

"बाबा, ह्या मानसानं मले नळाले हात लावू दिला नव्हता. आज तो माह्या पाया पडते. ह्याले तुमी काहीच नाही म्हनता?"

बाबा खाटेवर बसले. मला वाटलं, आता विरघळतात. कारण हे बोलणं खरं होतं आणि ते आम्हा सगळ्यांच्या आतून आलेलं होतं.

"त्याले शुद्धीवर असताना पडू द्या," बाबा म्हणाले. "मग मले बोलवा. मी पेढे घेऊन येतो."

आणि ते गेले. भाऊजी परत दिवाणखान्यात जाऊन बसले. ताईनं मला नंतर सांगितलं की त्या दिवशी व्याख्यान नेहमीपेक्षा लांबलं.

त्या वर्षी बैठकीला गर्दी वाढली आणि वाळवलेला साठा थंडीतच संपला. गुळाच्या नुसत्या गोळ्या दिल्या तर कोणाला काही दिसेना. पहिल्या रविवारी लोकांनी आपलंच चुकलं असेल म्हणून मान्य केलं. नंतर कुरबुर सुरू झाली. बँक मॅनेजर म्हणाले की गुरुजींची कृपा कमी झाली आहे. भाऊजींची झोप उडाली. ताई म्हणाली, "पावसाळ्यापर्यंत थांबा. शेण कोरडं आहे, काही नाही उगवणार."

पण जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. आमच्याकडे होतो कधीकधी. भाऊजी बँक मॅनेजरांच्या गाडीतून पेंचच्या रस्त्याला गेले आणि एक पिशवी भरून घेऊन आले. ताईनं पिशवीत पाहिलं आणि लगेच मला बोलावणं पाठवलं. मी गेले. छोट्या तपकिरी टोप्या, बारीक देठ, तशाच दिसणाऱ्या. पण देठाला कुजक्या लाकडाची साल चिकटलेली होती आणि कितीही दाबलं तरी निळा डाग पडत नव्हता. मी काही टोप्या विभागात नेल्या. ठसा गंजाच्या रंगाचा आला. दुसऱ्याच दिवशी मी रामदासपेठेत येऊन भाऊजींना समोर बसवून सांगितलं.

"ही ती नाही. लाकडावरची आहे. नेमकी कोणती ते मला सांगता येत नाही, पण हिच्या नात्यात माणूस मारणाऱ्या आहेत. फेकून द्या."

"टोपी तीच आहे."

"टोपी तर पुष्कळांची तशीच असते, भाऊजी."

"मी चांदी घालून पाहिली."

माझा आवाज चढायला लागला होता. ताईला सांगून मी निघाले. ताईनं पिशवी उकिरड्यावर टाकली. पण भाऊजींनी त्यातल्या अर्ध्या आधीच काढून घरमालकांच्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या, हे तिला ठाऊक नव्हतं.

रविवारी बैठक झाली, पण कुरबुरीनंतर गर्दी ओसरली होती, तिघंच उरले होते. सोमवारी दुपारी कॉलेजात मला निरोप आला की धंतोलीत ये. डॉक्टरांच्या बायकोला, बँक मॅनेजरांना आणि घरमालकांना त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात शेजारी शेजारी खाटांवर ठेवलेलं होतं. पहाटेपासून उलट्या आणि जुलाब चालले होते. बाईंनी आणि मॅनेजरांनी एकेकच गोळी घेतली होती. घरमालकांनी भक्तीनं जास्त घेतल्या होत्या. डॉक्टर, म्हणजे त्या बाईंचे नवरे, खाटेशी उभे राहून पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "काय खाल्लं होतं?"

"प्रसाद," त्यांची बायको म्हणाली.

"कशाचा प्रसाद?"

तिनं चादर वर ओढून घेतली. बँक मॅनेजरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मरायची वेळ आली तरी शिकलेल्या माणसाला शेण हा शब्द उच्चारवेना. डॉक्टरांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी पायाशी उभे होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.

"पेढ्याचा," भाऊजी म्हणाले. "खवा खराब असावा."

ताई दारात होती. ती पुढे आली.

"पेढे नव्हते, डॉक्टरसाहेब. कुत्र्याच्या छत्र्या होत्या. माह्या बहिणीनं तपासल्या आहेत, तिले विचारा."

मी जे पाहिलं होतं ते सगळं डॉक्टरांना सांगितलं. लाकडावरची, गंजासारखा ठसा, त्रास उशिरा सुरू होणं, यकृताचा धोका. त्यांनी आमच्या सरांना फोन लावला. मग सगळ्यांची धावपळ सुरू झाली आणि आम्हाला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर भाऊजी बसले होते. ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी काहून बरे?"

"काय?"

"ते तिघं आत पडले आहेत. तुमी काहून बरे?"

भाऊजी म्हणाले, "मला आता माध्यमाची गरज राहिलेली नाही."

"खोटं नका बोलू. तुमी काल गोळी खाल्ली नाही. माही बहीण नाही म्हणाली म्हणून खाल्ली नाही."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. फरशीकडे पाहत राहिले. आणि मला तेव्हा उमगलं की माझं म्हणणं त्यांना पटलं होतं. पूर्ण पटलं होतं. फक्त स्वतःपुरतं. तोपर्यंत मी त्यांना मूर्ख समजत होते. मूर्ख असते तर बरं झालं असतं.

मॅनेजर आणि डॉक्टरांची बायको आठवड्याभरात घरी गेले. घरमालकांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, ते बरेच दिवस धंतोलीतच पडून होते. वाचले, पण पुढे तब्येत अर्धी झाली. पोलिसांत कोणी गेलं नाही. जाणार कोण? काय खाल्लं ते लिहून द्यावं लागलं असतं. सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून खराब खव्याची गोष्टच पक्की केली आणि त्या भागातल्या एका बिचाऱ्या हलवायाकडे काही दिवस कोणी फिरकलं नाही.

ताईनं मात्र घरमालकांच्या बायकोला सगळं सांगितलं. शेण, गोठा, लाकूड, मी केलेली ओळख, न खाल्लेली गोळी, काहीही वगळलं नाही. ती बाई कधी मोठ्यानं बोललेली आम्ही ऐकली नव्हती. ती मागच्या अंगणात आली आणि भाऊजींना म्हणाली, "मास्तर, आजच्या आज खोल्या सोडा." मग ताईकडे वळून म्हणाली, "तुला राहायचं असेल तर राहा. नळ कोणताही वापर."

ताई राहिली नाही. तिनं आपली पेटी भरली आणि माझ्या सायकलच्या मागे बांधली. आम्ही दोघी इंदोऱ्यापर्यंत सायकल हातात धरून चालत आलो. आईनं दार उघडलं आणि काही न विचारता भात वाढला. घटस्फोट वगैरे शब्द आमच्या घरी कोणी उच्चारले नाहीत. ती आली आणि राहिली. पुढे शिक्षिकेचा कोर्स करून ती एका शाळेत लागली. भाऊजी बदली मागून दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेले.

मी घरमालकांना बघायला एकदा गेले होते, ते घरी आल्यावर. खरं तर ताईचा एक पाटा तिथे राहिला होता, तो आणायला. उशीला टेकून बसले होते, पिवळे, वाळलेले. मला वाटलं, आता तरी शिव्या घालतील. ते म्हणाले, "गुरुजींना माझा नमस्कार कळव. माझीच श्रद्धा कमी पडली." त्यांची बायको शेजारी औषध ओतत होती. तिनं चमचा त्यांच्या तोंडात कोंबला, तेवढंच बरं झालं. मी पाटा उचलून आले.

भाऊजी मला पुन्हा दिसले ते ऐंशीनंतर. मी तोवर वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले होते. धंतोलीत एका सभागृहात बुवाबाजी आणि विज्ञान या विषयावर व्याख्यान असल्याचं कळलं आणि वक्त्याचं नाव वाचून मी ताईला घेऊन गेले. ती येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आली. आम्ही मागे बसलो. भाऊजींचे केस पांढरे झाले होते, तेही त्यांना शोभत होते. त्यांनी नारळातून जाळ काढून दाखवला, हातातून राख काढून दाखवली. लोक खूश. मग ते म्हणाले, "इथे जवळच, रामदासपेठेत, एक बुवा होता. शेणावरची अळंबी गुळातून खाऊ घालून लोकांना साक्षात्कार घडवायचा. सुशिक्षित माणसं त्याच्या नादी लागली होती. मी त्या अळंबीची शास्त्रीय ओळख पटवली आणि तो प्रकार बंद पाडला."

सभागृहात टाळ्या झाल्या. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "असे लोक हवेत." मी उठून उभी राहणार तोच ताईनं माझा पदर धरून मला खाली बसवलं. ती व्यासपीठाकडेच बघत होती, शांत, वर्गात धडा म्हणणाऱ्या पोराकडे बघावं तशी.

"राहू दे वं," ती म्हणाली. "तो बुवा संपला म्हणतात ना ते? मग झालं तर."

आणि पिशवी खांद्याला लावून ती उठली. "चाल. मले उद्या सकाळची शाळा आहे."